मिठाचा बांध

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात सुई होती आणि सुईच्या टोकाशी एका काकांची शीर. मी पेणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची आणि रक्त काढायचं, हेच माझं गेल्या पंधरा वर्षांचं काम. फोन रुपेशचा होता, माझ्या नवऱ्याचा. त्याचा टेम्पो आहे, गाडी चालवताना तो कधी फोन करत नाही. काकांचं रक्त काढून झालं, कापूस दाबून धरायला सांगितला, नळीवर नाव लिहिलं आणि मग बाहेर येऊन फोन लावला. “आई गेली,” तो म्हणाला. “जेवली, हात धुतले, ओटीवर टेकली... आणि तशीच.” मी म्हटलं, “असं कसं? सकाळी तर माझ्याशी भांडल्यात.” आता आठवलं की वाटतं, काय बोलले मी हे! पण तेव्हा तेच तोंडातून गेलं.

भांडण कशावरून, तर मिठावरून. मी डबा भरत होते आणि सासूबाईंनी कढईतली वालाची भाजी बोटानं चाखली. “मीठ कमी हाय गो. उद्या बघून घाल.” मी म्हटलं, “तुमचं बीपी बघून घातलंय.” “माजं बीपी तुज्या भाजीनं न्हाय, तुज्या तोंडानं वाढतं.” मी स्कूटरला किक मारली आणि निघाले. संपलं. लोकांना शेवटच्या भेटीत काय काय सांगायला मिळतं म्हणे. आमचं मिठावर आटोपलं. महिना होऊन गेला, अजून मीठ घालताना माझा हात थांबतो.

द्वारकाबाई त्यांचं नाव. गाव सगळं ‘द्वारकाय’ म्हणायचं, मी ‘आई’ म्हणायचे. खाडीकाठच्या मिठागरात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. लग्न होऊन आल्या त्या सोळाव्या वर्षी, आणि हळद उतरायच्या आत डोक्यावर मिठाची पाटी आली. मिठागर बंद पडलं तेव्हा त्यांचे गुडघे आणि तळपाय दोन्ही कामातून गेले होते. तळपायांना अशा भेगा की बोट आत जाईल. मी पालीची, शेती-भाताच्या घरातली, मला मीठ म्हणजे पुडीतलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी दुकानातून बारीक मिठाची पिशवी आणली, तर आईंनी ती उचलून पाहिली, हलवून पाहिली आणि म्हणाल्या, “ही भुकटी कपडं धुवायला आनलीस का?” आमच्या घरात खड्याच्या मिठाची चिनीमातीची बरणी असते, तिला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पुढे आमचा समझोता झाला. भाजीला माझी पिशवी, मासळीच्या कालवणाला त्यांची बरणी.

तोंडानं तिखट बाई. रागही नाकावरच. पण डूख धरायच्या नाहीत. सकाळी मला चार शब्द सुनावून दुपारी लॅबच्या दारात हजर, हातात भाकरी आणि सुकटीची चटणी, “डबा इसरलीस तो इसरलीस, फोन बी उचलत न्हायस!” म्हणत. लॅबमध्ये आत मात्र यायच्या नाहीत. सुई दिसली की या बाईचं पाणी पाणी व्हायचं. स्वतःची साखर तपासायची म्हटलं की चुलत जावेच्या घरी जाऊन लपायच्या. एकदा मी त्यांना पकडून बोट टोचलं, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मला जे सांगायचं आहे ते मी आठ वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. लग्नानंतर मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात सगळं संपलं. पहिल्या वेळी कळलं त्या दिवसापासून आईंनी मला नुसतं चारायला घेतलं होतं. कलेजी, बीट, खजूर, पालक. “पोराला रक्त लागतं. आयच्या अंगात असंल तर पोराला पोचंल.” कलेजीच्या वासानं मला उलट्या व्हायच्या, तरी नाक दाबून खायचे. ते गेल्यावर घरात कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. अशा गेलेल्याला आमच्याकडे सुतक नसतं, भेटायला कुणी येत नाही, नाव घ्यायची रीत नाही. चार दिवस पडून राहायचं आणि पाचव्या दिवशी भांडी घासायला उठायचं. मी उठले.

दुसऱ्या वेळी मात्र मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत असताना ऐकलं. आई शेजारणीला सांगत होत्या, “काय करनार... तिच्यात रक्तच न्हाय.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यात रक्त नाही? अहो, मी दर सोमवारी लॅबमध्ये स्वतःचं बोट टोचून हिमोग्लोबिन बघत होते! बाराच्या खाली कधी आलं नव्हतं. कागद नेऊन त्यांच्या तोंडावर मारावा असं वाटलं. पण मारला नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. रक्त असेल, पण ते माझ्याकडून त्याला पोचलं नाही. मी स्कूटर चालवली, वडखळच्या खड्ड्यांतून चालवली, पाण्याची कळशी उचलली, त्या दिवशी उपास केला... मी रोज नवं कारण शोधायचे. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काढायचं आणि घरी येऊन आपलं रक्त कुठं अडलं याचा विचार करत बसायचं, असं माझं चाललं होतं. रुपेश म्हणायचा, “सोड ना आता.” काय सोडू?

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मला आनंद झालाच नाही. नुसती भीती. पेणला एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. रुपेशला गुजरातचं भाडं होतं, म्हणून आई बरोबर आल्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, सुई कुठं आहे ते बघत. सोनोग्राफी झाली, सात आठवडे, ठोके दिसले. मग केबिनमध्ये बसलो आणि मी डॉक्टरबाईंना विचारलं. आधी दोनदा विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. “मॅडम, माझं रक्त बाळापर्यंत पोचतं की नाही, ते आत्ताच बघता येईल का?”

त्या म्हणाल्या, “पोचायलाच नकोय आत्ता.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी एक कोरा कागद ओढला, पेन काढलं. “ह्या तुझ्या गर्भाशयातल्या रक्ताच्या नळ्या. वार, म्हणजे बाळाचं आणि तुझं देणंघेणं जिथून चालतं ती, अजून तयार होतेय. पहिले दोन-अडीच महिने बाळाच्याच बाजूच्या पेशी येऊन ह्या नळ्यांची तोंडं बुजवून टाकतात. बूच मारल्यासारखी. तुझं रक्त दारापर्यंत येतं आणि तिथंच थांबतं. आत नुसता पाझर. एवढ्या कोवळ्या जिवाला रक्ताचा लोंढा सोसत नाही, त्यातला प्राणवायूसुद्धा जास्त झाला तर त्रास होतो. म्हणून ते स्वतःच दार लावून घेतं.”

“मग ते जगतं कशावर?” मी विचारलं.

“गर्भाशयाच्या अस्तरातून जो रस पाझरतो त्यावर. ती त्याची शिदोरी. पुढे तिसरा महिना सरत येतो तशी ही बुचं हळूहळू विरघळतात, कडेकडेनं रक्त आत यायला लागतं. तोवर वार घट्ट झालेली असते.”

मी त्या कागदाकडे बघत बसले. आणि बाजूनं आईंचा आवाज आला, “म्हंजे आमच्या मिठाच्या वाफ्यावानी.” डॉक्टरबाईंनी मान वर केली. आईंना मग कोण थांबवणार! “दिवालीनंतर वाफ्याची जमीन आमी पायानं तुडवतो. एकमेकींचा खांदा धरून, रांगेनं, रोज. तवर खाडीच्या पान्याला आत यायचा हुकूम न्हाय. बांधाच्या तोंडाची फली बंद. जमीन बसली का मंग फली उचलायची, ती बी बोटभर.” डॉक्टरबाईंनी विचारलं, “आणि आधीच पाणी घेतलं तर?” “चिखल उकलतो. समदा वाफा हातचा जातो.” डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. “आजी, अगदी हेच होतं काही वेळा. दार वेळेआधी उघडतं, सगळीकडून एकदम. का उघडतं ते प्रत्येक वेळी आम्हालाही सांगता येत नाही. बरेचदा मुळात बीजातच काही कमी असतं, म्हणून बाकीचं पुढे बिघडतं. पण आईनं काही केलं म्हणून नाही. तिच्यात रक्त कमी होतं म्हणून तर मुळीच नाही.”

मी आईंकडे बघितलं नाही. मला रडू फुटलं होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या टेबलाची कड धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “आन् बाय... डोक्यावर मीठ व्हायलं, तर उघडतं का दार?”

डॉक्टरबाईंना कळलं. मला नाही कळलं, त्यांना कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुमच्याबरोबर मीठ वाहणाऱ्या किती होत्या, आजी?”

“वीस-पंचवीस.”

“सगळ्यांनी दिवस गेलेले असताना वाहिलं?”

“न वाहून सांगता कुनाला? आठव्या म्हयन्यापरेंत व्हायच्या.”

“आणि त्यांना मुलं झाली?”

“झाली की. गाव भरलं हाय.”

“मग?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मिठानं नाही गेलं, आजी.”

परत येताना आम्ही रिक्षात होतो. खाडीच्या पुलापाशी आईंनी रिक्षा थांबवायला लावली. उतरल्या आणि बांधाच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. मिठागर बंद होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, वाफ्यांवर नुसती लव उगवली होती. मी मागे जाऊन उभी राहिले. “माजी दोन गेली गो,” त्या म्हणाल्या. “तुज्यासारकीच. दोन-दोन म्हयन्याची. माजी सासू बोलली, मीठ व्हायलंस, रक्त आटलं, तू खाल्लीस पोरं. मना पंचेचालीस वर्सं खरं वाटलं.” आणि ज्या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा जिनं दात-ओठ आवळून सगळ्यांना चहा दिला होता, ती बाई रस्त्यावर उभी राहून पदर तोंडात कोंबून रडायला लागली. रिक्षावाला बिचारा कावराबावरा झाला. मग पदरानं नाक पुसून त्या मला म्हणाल्या, “तुज्यात रक्त न्हाय बोलले मी. ऐकलं व्हतंस ना? कपडं वालत घालत व्हतीस. तुजी बांगडी वाजलेली.” एवढंच. माफी वगैरे शब्द आमच्या घरात नाहीत. पण त्यांनी माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. त्या हाताचे मी किती उपकार मानू!

दुसऱ्या दिवसापासून वेगळाच ताप सुरू झाला. कलेजी बंद, बीट बंद, खजुराचा डबा माळ्यावर. “आत्ता त्यास तुजं रक्त नको हाय. कशाला उगाच वाढवायचं?” इथपर्यंत ठीक, मी सुटकेचा श्वास टाकला. पण तिसऱ्या दिवशी माझ्या गोळ्या गायब! फॉलिक ॲसिडच्या. सगळं घर पालथं घातलं. शेवटी तांदळाच्या पिंपात सापडल्या. “रक्ताच्या गोल्या ना त्या? दार बंद हाय, कुठं जातील?” मी कपाळाला हात लावला आणि थेट डॉक्टरबाईंना फोन जोडून दिला. त्या पलीकडून हसत म्हणाल्या, “आजी, ती रक्ताची गोळी नाही, ती शिदोरीतली आहे.” शिदोरी म्हटल्यावर मात्र गाडी रुळावर आली. त्या दिवसापासून गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः उभ्या राहायच्या, गिळली का ते तोंड उघडून बघायच्या.

बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी ठरली तो दिवस निघाला अमावास्येचा. तर या बाई हटूनच बसल्या. शुभ-अशुभ नव्हे हं, ते त्या मानत नसत. “अवशीला उधान असतं. उधानाच्या दिसाला फली कोन उचलतो? भांगाच्या भरतीला, अष्टमी-नवमीला, पानी शांत असतं, तवा थोडं थोडं घ्यायचं.” मी ओरडले, “आई, सोनोग्राफी म्हणजे नुसतं बघणं असतं! आणि माझ्या रक्ताला तिथी नसते!” “तुना काय म्हाईत? तू पालीची. पालीला खाडी हाय का?” मी हात टेकले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आठवडाभर पुढे चालतंय. अष्टमीला गेलो. केबिनमध्ये डॉक्टरबाई म्हणाल्या, “आजी, रक्त छान वाहतंय. दार उघडलं.” आईंनी टेबलावरून हात पुढे करून त्यांच्यावरून ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, सरळ एवढ्या मोठ्या डॉक्टरीण बाईंची दृष्ट काढली. आमची निधी आता सात वर्षांची आहे. आजीसारखीच फटकळ आहे.

पण इथे थांबल्या असत्या तर त्या द्वारकाय कसल्या? निधी पोटात असतानाच आमच्या पुढच्या आळीत एका नव्या सुनेचं असंच दोन महिन्यांचं गेलं. आईंना कळलं तशी त्यांनी एक काठाची ताटली उचलली, माझ्या लग्नात कुणीतरी दिलेली, देणाऱ्याचं नाव कोरलेली, मिठाची बरणी काखेला मारली आणि चालू लागल्या. मी मागे. अशा घरी कुणी जात नाही, म्हणून तिथली माणसं दचकली. आई सुनेपुढे जमिनीवर बसल्या. पहिलं वाक्य, “माजी दोन गेली.” मग ताटलीत खड्याच्या मिठाचा आडवा बांध घातला, अंगठ्यानं दाबून दाबून बसवला, आणि एका बाजूला थोडं पाणी ओतलं. “ह्यो बांध पोर घालतं. आपुन न्हाय. आयचं रक्त हितं थांबतं. बघत ऱ्हा.” पाणी बांधाला टेकून राहतं, मीठ ओलं होतं, कडेनं पाझरतं, आणि मग हळूहळू बांध आपला आपण विरतो. दहा-बारा मिनिटं जातात. तेवढा वेळ सगळे ताटलीकडे बघत बसायचे. शेवटी आई म्हणायच्या, “कवा कवा ह्यो बांध आदीच फुटतो. तुजं काय चुकलं न्हाय.”

मी घरी येताना त्यांना चुका दाखवायचे. बीजातल्या दोषाचं सांगितलंच नाहीत, आणि बांध सगळीकडे एकसारखा नसतो. “तू रक्त काढ,” त्या म्हणायच्या, “मना शिकवू नको.” डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मला इतकं नीट जमत नाही. पाठवून देऊ का काही जणींना?” मग आमच्याकडे बायका यायला लागल्या. कोळीवाड्यातून, वाड्यांमधून, एकदा तर म्हसळ्याहून एक मुस्लीम सासू आपल्या सुनेला घेऊन आली. ताटली ओटीवर यायची. ते खारं पाणी आई कधी फेकायच्या नाहीत. बायका गेल्या की त्या दिवशीच्या कालवणात जायचं.

आणि मी? मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. “माजी दोन गेली,” म्हणून झालं की आई दर वेळी माझ्याकडे एकदा बघायच्या. फक्त बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. माझी गोष्ट त्यांनी माझ्या परवानगीशिवाय कधी सांगितली नाही. आणि मी दर वेळी “साखर आणते” म्हणून आत जायचे. आठ वर्षं साखर आणली मी. लाज नव्हती ती, काय होतं कोण जाणे.

तेरावं होऊन आठवडा झाला असेल. रविवारची दुपार. दारात एक मुलगी आणि तिची सासू, वरच्या बंदरातल्या, मासळी विकणाऱ्या. सासूनं विचारलं, “द्वारकाय हाय का घरात?” त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. सासू “अगो बाय माजे!” करून पायरीवरच बसली, आणि मुलगी उभी, मान खाली, दोन्ही हात पोटावर धरलेले, जिथं आता काही नव्हतं. थोड्या वेळानं सासू उठली, “चल गो, आता काय...” म्हणाली. मुलगी वळली. जाता जाता हळूच, जणू पायरीला सांगावं तसं बोलली, “मी बर्फाची पेटी उचलली, म्हनून.”

मी म्हटलं, “बसा.”

आत गेले. ताटली मांडणीवर होती. बरणी उघडली, आईंच्या नंतर पहिल्यांदाच. त्यांच्या मुठीच्या आकाराचा खळगा मिठात तसाच होता. बाहेर आले, मुलीसमोर जमिनीवर बसले. मीठ ओतलं, बांध घातला, अंगठ्यानं दाबला. आणि अडले. आईंचं पहिलं वाक्य आल्याशिवाय पुढचं काही येईचना. मुलगी माझ्याकडे बघत होती, अगदी आई बघायच्या तशी, आणि या वेळी आत जाऊन आणायला साखर नव्हती, कारण चहाच ठेवला नव्हता.

“माझी दोन गेली,” मी म्हटलं.

आतल्या खोलीत रुपेश होता, निधी होती. त्यांनी ऐकलं. ऐकू दे. मुलगी खाली बसली, तिनं स्वतःच तांब्या उचलला आणि ताटलीत पाणी ओतलं. आम्ही तिघी बघत बसलो. मी बांध जरा जास्तच दाबून घातला होता, विरायला खूप वेळ लागला, पण कुणीही उठलं नाही. पेटीचं मी तिला सांगितलं, बीजाचंही सांगितलं, माझ्या पद्धतीनं. आणि शेवटी आईंच्या पद्धतीनं सांगितलं, की तुझं काही चुकलं नाही. तिचा हात अजून पोटावर होता, तो तिनं काढला आणि डोळे पुसले.

त्या गेल्यावर ताटलीतलं पाणी मी बांगड्यांच्या कालवणात ओतलं. चव घेऊन बघितली. मीठ बरोबर पडलं होतं.